ताप्ती लाइनवर फुटबॉलची साखळी सुरू करा : खान्देशातील शाळांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि संस्थाचालक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील माध्यमिक शाळा

आदरणीय मंडळी, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात शालेय स्पर्धांचं पत्रक येतं, शाळांची नावं जातात, चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि फुटबॉलचा ड्रॉ निघतो. यंदाही तसंच होईल. त्याआधी माझं म्हणणं आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी २८ वर्षं क्रीडाशिक्षिका होते, त्यातला बहुतेक काळ अमळनेर तालुक्यात. एका वर्षी आमच्या शाळेची सोळा पोरं जून उजाडल्यापासून रोज सकाळी साडेसहाला शाळेमागच्या पडीक जागेवर यायची. काळी माती. पाऊस पडला की चेंडू जागचा हलेना आणि पायाला शेर-शेर चिखल लागे. तरी एक पोरगा कधी खाडा करायचा नाही. स्पर्धेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेलो. पहिलाच सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकरला आमची एक पेनल्टी बाहेर गेली आणि साडेअकराला आम्ही मोकळे झालो. झाडाखाली कळण्याच्या भाकरी आणि ठेचा सोडून बसलो, पण कोणी घास उचलेना. ज्याची पेनल्टी हुकली होती तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, आते पुढला सालच का?"

मी हो म्हटलं. पुढच्या साली तो वयोगटात बसत नव्हता, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. त्याला ते माहीत होतं.

पाच महिन्यांच्या सरावाला एक सामना मिळाला. आपण ज्याला बाद पद्धत म्हणतो, हरला तो बाहेर, तिचा हिशेबच तसा आहे. १६ शाळा उतरल्या तर एकूण १५ सामने होतात आणि त्यातल्या ८ शाळा एकेक सामना खेळून घरी जातात. ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तेच सगळ्यात कमी खेळतात. जिंकणाऱ्या शाळेचा फोटो येतो, हरलेल्या पोरांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मीही पुष्कळ वर्षं विचारलं नव्हतं. खेळ असाच भरवायचा असतो, असं मला वाटे. निवृत्त झाल्यावर फुटबॉल मुळात कसा उभा राहिला हे नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की ज्या देशात हा खेळ रांगेला लागला त्यांनाही हीच अडचण आली होती आणि ती त्यांनी १८८८ सालीच सोडवली होती.

विल्यम मॅकग्रेगर नावाचा एक स्कॉटिश माणूस बर्मिंगहॅमला कापडाचं दुकान चालवायचा. स्वतः खेळाडू म्हणून त्याचं काही नाव नव्हतं. ॲस्टन व्हिला क्लबच्या कमिटीवर तो होता. तेव्हा इंग्लंडमध्ये एफए म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या चषकाचे बाद सामने व्हायचे आणि उरलेले शनिवार मैत्रीपूर्ण सामन्यांनी भरायचे. चषकाचा सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळायची वेळ आली की ठरलेला मैत्रीपूर्ण सामना रद्द. लोक मैदानावर यायचे आणि परत जायचे. सामना झालाच तर तो कितपत तोलामोलाचा होईल याचीही खात्री नव्हती. ऑक्टोबर १८८७ मध्ये चषकाच्या एका सामन्यात प्रेस्टनने हाइड संघावर २६ गोल चढवले, समोरून एकही नाही. १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली होती, म्हणजे दर आठवड्याला पैसा बाहेर जायचा आणि आत येण्याचा नेम नव्हता.

२ मार्च १८८८ रोजी मॅकग्रेगरने पाच क्लबांना पत्र लिहिलं, त्यात एक त्याचा स्वतःचा होता. म्हणणं साधं होतं : दहा-बारा क्लबांनी एकत्र यावं, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या गावी आणि एकदा त्याच्या गावी खेळावं आणि या सामन्यांच्या तारखा आधीच ठरवून टाकाव्यात. मार्चमध्ये लंडनला एक बैठक झाली, एप्रिलमध्ये मँचेस्टरला दुसरी. ८ सप्टेंबरला १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरूही झाली. मला यातली एक गोष्ट फार आवडते. सामने सुरू झाले तेव्हा गुण कसे द्यायचे हे त्यांचं ठरलंच नव्हतं. जिंकलं तर २, बरोबरीला १, हे नोव्हेंबरमध्ये ठरलं. आधी खेळायला लागले, मग हिशेब बसवला. आपल्याकडे समिती, उपसमिती आणि घटना होईपर्यंत हिवाळा निघून जातो.

पहिल्या वर्षी प्रेस्टन २२ सामन्यांत एकदाही हरलं नाही, हे सगळे सांगतात. मला मात्र स्टोक महत्त्वाचं वाटतं. स्टोक १२ क्लबांत बारावं आलं, आणि त्यांनीही २२ सामने खेळले. पहिल्याला जेवढे तेवढेच शेवटच्याला. आपल्या मराठीत याला 'साखळी पद्धत' असा चांगला शब्द आहे. शब्द आहे, खान्देशच्या शाळांत ती पद्धत नाही. मी मागते आहे ती एवढीच गोष्ट.

तुम्ही म्हणाल, साखळीचं नंतर बघू, आमच्याकडे नियमांवरच भांडणं होतात. होतात, मी पाहिली आहेत. दोन शाळांच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मी पंच होते. मी ऑफसाइडची, म्हणजे चेंडू मिळण्याआधीच समोरच्यांच्या बचावापुढे जाऊन उभं राहिल्याची, शिट्टी मारली, तर समोरचे शिक्षक मैदानात येऊन म्हणाले, "आमच्याकडे ऑफसाइड नसतो." त्यांचं खोटं नव्हतं, त्यांच्या शाळेत तसंच खेळत. सामना तिथेच थांबला आणि त्या दोन शाळा पुन्हा कधी एकमेकींशी खेळल्या नाहीत.

अगदी हेच भांडण इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांत होतं. प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळायचं, कुठे हात लावायचा नाही, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं रीतसर. त्या शाळांतली पोरं केंब्रिजला एकत्र आली की पहिला प्रश्न असे, कोणाच्या नियमांनी खेळायचं? १८४८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी बसून एक सामाईक नियमावली केली. शेफिल्डमध्ये १८५७ ला क्लब निघाला, त्यांनी पुढच्या वर्षी आपले नियम लिहिले. मग २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये अकरा-बारा क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झालं. एबेनेझर मॉर्ली नावाचा वकील त्याचा चिटणीस. पुढच्या सहा आठवड्यांत आणखी पाच बैठका झाल्या. नडगीवर लाथ मारायला बंदी नको, त्याने खेळातली मर्दानगी जाईल, म्हणून ब्लॅकहीथ क्लब अडून बसला आणि शेवटी बाहेर पडला. त्या वळणाच्या क्लबांनी पुढे १८७१ मध्ये रग्बीची वेगळी संघटना काढली. उरलेल्यांनी १३ नियम छापले.

ते १३ नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चकित झाले. एका बाजूला किती खेळाडू, लिहिलेलं नाही. गोलकीपर नाही, रेफ्री नाही, वरचा आडवा दांडा नाही. गोलची रुंदी मात्र आहे, ८ यार्ड, आणि ती आजही तेवढीच आहे. बाकीचं हळूहळू येत गेलं. गोलकीपर १८७१ मध्ये, कॉर्नर १८७२ मध्ये. पेनल्टी तर १८९१ पर्यंत नव्हतीच. आयर्लंडच्या मॅकक्रम नावाच्या माणसाने ती सुचवली आणि तो स्वतः गोलकीपर होता! गोलजवळ मुद्दाम पाय घालणाऱ्यांना शिक्षा हवी म्हणून त्याने स्वतःवरच ती आपत्ती ओढवून घेतली. गोलची जाळीही त्याच सुमाराची, लिव्हरपूलच्या जॉन ब्रॉडी या इंजिनिअरची. चेंडू दांड्याच्या आतून गेला की बाहेरून, यावर वाद होत म्हणून.

लंडन आणि शेफिल्ड यांच्यात ऑफसाइडवरून, थ्रो-इनवरून १८७७ पर्यंत एकमत नव्हतं. १४ वर्षं. पण त्या काळातही ते एकमेकांशी खेळले, कधी ह्यांच्या नियमांनी, कधी त्यांच्या. आमच्या दोन शाळा एका शिट्टीवरून कायमच्या तुटल्या. आपल्याला तर नियम नव्याने लिहायचेही नाहीत. छापील पुस्तिका आहे, ती सगळ्या शाळांनी एका दिवशी बसून वाचायची आणि सही करायची, इतकंच काम आहे.

आता या इतिहासातला जो भाग मला आपल्या गावांचा वाटतो तो सांगते. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर ड्युटीवरून सुटलेले फिटर, फायरमन, तिकीट तपासनीस फुटबॉल खेळायचे, कोणी निळ्या कामाच्या पँटीतच. मी भिंतीवर बसून बघायचे. मला वाटे हा साहेबांचा खेळ, त्यांच्या बंगल्यांकडून आपल्याकडे उतरला. पुढे कळलं की तिकडेही रेल्वेच्याच माणसांनी तो असाच उचलला होता. मँचेस्टरजवळ न्यूटन हीथला रेल्वेच्या डबे-वाघिणींचा कारखाना होता, तिथल्या कामगारांनी १८७८ मध्ये संघ काढला. १९०२ पासून त्याचं नाव मँचेस्टर युनायटेड. लंडनच्या वुलिच भागात सरकारी तोफा-दारूगोळ्याचा कारखाना, तिथल्या कामगारांनी १८८६ मध्ये संघ काढला, तो आर्सेनल. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, नावच कारखान्याचं. आमच्या भुसावळला रेल्वे आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, शेजारी वरणगावला दुसरी आहे. आपली पोरं या दोन्ही क्लबांचे टी-शर्ट घालून फिरतात. ते कोणाचे क्लब होते हे मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी होत.

गिरण्यांचंही तेच. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला की कापड गिरण्यांत बायकांना आणि मुलांना शनिवारी दोन वाजल्यानंतर कामावर ठेवायचं नाही. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून शनिवारी दुपारी भोंगा व्हायचा आणि हजारो माणसं मोकळी व्हायची. इंग्लंडचा फुटबॉल शनिवारी दुपारी का असतो, त्याचं मूळ इथे आहे. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या गिरणगावच्या संघाने एफए चषकाच्या अंतिम सामन्यात ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असं हरवलं. त्या संघात विणकर होते, सूतकताईचा कामगार होता, प्लंबर होता. तोवर चषक उमरावांच्या घरातच फिरत होता. अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी आणखी काय सांगावं?

आपल्या शाळांना तर शनिवार आयताच मिळालेला आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. दप्तर घरी टाकून, जेवून, चार वाजता मैदानावर यायला पोरांना कोणाच्या कायद्याची वाट बघायची नाही.

आणि आपल्या देशाने काय केलं? ज्या वर्षी मॅकग्रेगरने लीग काढली त्याच १८८८ मध्ये सर मॉर्टिमर ड्युरंड यांनी शिमल्याला ड्युरंड चषक सुरू केला. मग १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स, १८९३ मध्ये कोलकात्यात आयएफए शिल्ड. सगळ्या बाद स्पर्धा. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शिल्ड जिंकली, अकरातले दहा जण अनवाणी. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण क्लब १८८९ चा होता. त्या विजयामागे २२ वर्षांचा खेळ होता, हे सांगायचं राहून जातं. कोलकात्यात १८९८ पासून साखळी होती आणि देशाला पुढची कित्येक वर्षं खेळाडू तिथूनच मिळत गेले. १९५१ आणि १९६२ ला आपण आशियाई सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या ऑलिंपिकला चौथे आलो. तरी अख्ख्या देशाची अशी साखळी, नॅशनल फुटबॉल लीग, सुरू व्हायला १९९६ उजाडलं. ड्युरंडनंतर १०८ वर्षांनी. चषक भरवणं सोपं असतं, एक आठवडा मांडव घातला की झालं. पोरांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शनिवारी मैदानावर आणायला शाळेला चार महिने लक्ष द्यावं लागतं.

महाराष्ट्रातही हे जमलेलं गाव आहे. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दरवर्षी साखळी खेळतात आणि पेठा ओस पडतात. तालमीच्या मातीत फुटबॉल रुजू शकतो तर आपल्या काळ्या मातीत का नाही?

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या मुलींनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि आपल्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. ती बंदी जवळपास ५० वर्षं राहिली. भुसावळला भिंतीवर बसणाऱ्या मुलीसाठी कोणी ठराव केला नव्हता, करायची गरजच नव्हती. माझ्या नोकरीत मला मुलींचा संघ उभा करता आला तो फक्त तीन वर्षं, मग मुलींच्या सामन्यांना बस परवडत नाही असं सांगण्यात आलं. माझी विनंती आहे, साखळी सुरू करायची तर मुलांची आणि मुलींची एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकामागून एक. बस एकच लागेल.

कसं करायचं तेही मांडते. १८८८ च्या त्या १२ क्लबांपैकी सहा लँकेशायरचे होते, सहा मिडलँड्सचे. रेल्वे होती म्हणून सकाळी निघून रात्री घरी येता यायचं. आपल्याकडे ताप्ती लाइन आहे. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर हा एक गट. शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर हा दुसरा. प्रत्येक गावची एक शाळा, प्रत्येकीने गटातल्या इतर तिघींशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा बाहेर. म्हणजे प्रत्येक शाळेला सहा सामने नक्की, जिंका किंवा हरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिवाळी, चाचणी आणि स्नेहसंमेलन वगळूनही सहा शनिवार निघतात. मार्चनंतर आपलं ऊन कोणाला खेळू देत नाही, आणि इंग्लंडचाही हंगाम थंडीचाच आहे. धुळे, चाळीसगाव, पाचोरा यांचा वेगळा गट होईल. चोपडा, शिरपूर, शहादा एसटीने जोडता येतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांना खाली उतरायला लावू नका, त्यांचा गट त्यांच्याकडेच करा. डोंगर चढून-उतरून वाढलेल्या त्या पोरांचा दम मी पाहिला आहे, त्यांच्याशी खेळायला खालच्यांनी वर जावं.

पैशाचं म्हणाल तर दोन चेंडू, गोलपोस्टला लोखंडी पाइप, फक्कीची दोन पोती, एक शिट्टी आणि प्रवासाचं भाडं. आपल्यापैकी कित्येक संस्थाचालक व्यापारी आहेत. मॅकग्रेगरही कापडाचा व्यापारीच होता, म्हणून त्याचं दुकान मी वर मुद्दाम सांगितलं. पीटीचा तास गणिताला देऊ नका, एवढं मुख्याध्यापकांनी पाहावं. सरकारी शालेय स्पर्धा जशा आहेत तशा चालू द्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. सहा सामने खेळून गेलेली पोरं तिथेही वेगळी खेळतील.

एक लांब वही मी घेऊन ठेवली आहे. तारीख, दोन्ही शाळा, गोल, गोल करणाऱ्याचं नाव, पंचाची सही, असे रकाने आखले आहेत. जिंकण्याला ३ गुण, बरोबरीला १. पहिल्या हंगामाची फक्की मी स्वतः मारीन. ज्याची पेनल्टी हुकली होती तो पोरगा आता टेम्पो चालवतो. परवा भेटला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. आपल्या गटातल्या चारही गावांचे पाइप भाडं न घेता पोचवीन म्हणाला, आणि लाइनमन लागला तर शनिवारी मोकळा असतो, असंही म्हणाला.

आपल्या शाळेचा होकार किंवा नकार १५ ऑगस्टच्या आत कळवावा. पहिली बैठक अमळनेरला ठेवू, दोन्हीकडून गाडीने येणाऱ्यांना ते मध्ये पडतं. येताना शाळेच्या मैदानाची लांबी-रुंदी मोजून आणावी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
अमळनेर तालुका